न मागणाऱ्याची परिक्रमा

परिक्रमेला निघालो तेव्हा माझ्या मनात भक्ती वगैरे काही नव्हती. राग होता. देवावर होता, नशिबावर होता, आणि खरं सांगायचं तर सगळ्यात जास्त स्वतःवर होता. लोक नर्मदामैयाला प्रदक्षिणा घालायला श्रद्धेनं निघतात, घरचे हार घालून निरोप देतात. मी अमरावतीच्या घराला कुलूप लावलं आणि बाहेर पडलो. किल्ली शेजाऱ्यांकडे ठेवायची रीत आहे. मी ती खिशात घातली. आयुष्यभर कुणाला ‘एवढं करता का’ म्हणून विचारलं नव्हतं, आता साठी उलटल्यावर कशाला विचारायचं?

ही परिक्रमा खरं तर आमच्या हिची. लग्नानंतर तिला कुणीतरी नर्मदेच्या वाटेची हकिकत सांगितली होती. नदी उजव्या हाताला ठेवायची, कुठेही ओलांडायची नाही, महिनोन्‌महिने चालायचं, आणि लोक जे देतील ते खायचं. तेव्हापासून ते तिच्या डोक्यात बसलं ते बसलंच. दर कार्तिकात विषय निघायचा. ‘औंदा जाऊ ना हो,’ ती म्हणायची. मी कधी ऑफिसचं काम पुढे करायचो, कधी मुलीची बारावी, कधी घराचा स्लॅब. रिटायर झालो की नक्की, असं म्हणत म्हणत रिटायर झालो आणि चार महिन्यांत हिच्या पोटात गाठ निघाली.

उपचार अकोल्याला चालले. तिथे हिची धाकटी बहीण मंदा राहते, दवाखान्यापासून चालत दहा मिनिटांवर. दुसरा कुणी असता तर म्हणाला असता, बरं झालं, जवळ आपलं माणूस आहे. मी मंदाला साधा डबासुद्धा आणू दिला नाही. माझी बायको आहे, मी पाहीन. औषधं मीच आणायची, पाणी मीच पाजायचं, कूस मीच बदलायची. लोक म्हणायचे, किती करतो बिचारा. मला ते ऐकून बरं वाटायचं, हेही आता कबूल करतो.

शेवटी शेवटी तीन रात्री मी डोळ्याला डोळा लावला नव्हता. चौथ्या दिवशी सकाळी मंदा आली. माझ्याकडे पाहून म्हणाली, ‘भाऊजी, डोये पाहा तुमचे कसे झाले. आमच्या घरी जाऊन झोपा जराकसे. ताईजवळ मी हाय ना.’

‘काही गरज नाही. मी हाय इथं. तू जाय घरी.’

तिनं आत जाऊन बहिणीच्या कपाळावरून हात फिरवला आणि गेली. दुपारी दोनच्या सुमाराला मी वॉर्डाबाहेरच्या बाकावर दोन मिनिटं टेकायला म्हणून आलो. पाठ भिंतीला लागली आणि झोपच लागली. नर्सनं खांदा हलवून उठवलं, तोवर ही गेली होती.

पस्तीस वर्षांचा संसार, आणि शेवटच्या घटकेला मी पंधरा पावलांवर घोरत होतो! तेव्हापासून एकच प्रश्न माझ्या छातीवर येऊन बसला. तिनं मला हाक मारली असेल का? मारली असेल आणि कुणीच आलं नसेल, तर तिला काय वाटलं असेल? हा प्रश्न मी कुणापुढे काढला नाही. तेरवीच्या दिवशी मंदा जवळ येऊन बसली, ‘भाऊजी, ताईच्या त्या दुपारचं जरा…’ असं काहीतरी म्हणू लागली, तर मी तिथंच तोडलं. म्हटलं, तो विषय माझ्यापुढे काढायचा नाही. मुलगीही फोनवर ते बोलणं टाळायला शिकली. वर्षभर मी त्या घरात एकटा राहिलो, एकटा जेवलो, आणि डोळ्यांतून टिपूस काढलं नाही.

मग कार्तिक आला. विषय काढणारं कुणी नव्हतं. तिचं राहिलेलं एवढं तरी करू, अशा हट्टानं मी तयारीला लागलो.

तयारी म्हणजे काय विचारू नका. मी एकतीस वर्षं सरकारी खात्यात स्टोअरकीपर होतो. वस्तू संपण्याआधी दुसरी हजर पाहिजे, हा माझा स्वभावच. चिखलदऱ्याला दोन दिवस जायचं तरी मी दोरी, टॉर्च, हातोडी, खिळे घ्यायचो, आणि ही हसायची, ‘सारं गोदामच घेऊन चालले का हो?’ मुलीनं पाठीवरची मोठी सॅक पाठवली होती. फोनवर बजावलंही होतं, ‘बाबा, महिनोन्‌महिने चालायचं आहे. सामान सहा किलोच्या वर जाऊ देऊ नका. जे लागेल ते वाटेत मिळतं.’ वाटेत मिळतं म्हणजे मागावं लागतं. मी छोटा स्टोव्ह घेतला, तांदूळ, डाळ, तिखट, पोहे घेतले, दोन ब्लँकेटं, ताटवाटी, दोरी, छत्री, बीपीचं मशीन आणि औषधांचा एक अख्खा डबा घेतला. काट्यावर ठेवली तर सॅक चौदा किलो भरली. मला समाधान वाटलं. आता कुणापुढे हात पसरायची पाळी येणार नाही.

ओंकारेश्वराला पूजा करून, मैयाचं पाणी बाटलीत भरून घेऊन दक्षिण काठानं चालायला लागलो. पहिल्या दोन दिवसांतच खांद्यांना वळ उठले. पण त्याहून मोठी चूक मला कळतही नव्हती. वाटेवरची गावं परिक्रमावासींची वाटच पाहत असतात. सकाळपासून दारात उभ्या असलेल्या बायका पुढे येतात, ‘बाबाजी, नर्मदे हर! रोटी पाओ,’ म्हणतात. मी सॅककडे बोट दाखवून म्हणायचो, ‘मेरे पास सब है.’ आणि गावाबाहेर झाडाखाली स्टोव्ह पेटवून खिचडी शिजवायचो. एका घरची बाई ताट घेऊन दारात आली होती. मी नको म्हटल्यावर ती ताट घेऊन आत गेली. तिचा चेहरा उतरलेला दिसला, पण मी म्हटलं, आपण कुणाला त्रास दिला नाही, चांगलंच केलं की.

सातव्या-आठव्या दिवशी गुडघा सुजला. एका आश्रमात मुक्काम पडला. तिथे सेवा करणारे एक म्हातारे होते, तोंडात दात नाहीत, पण जीभ भलती तिखट. मी ओसरीवर स्टोव्ह काढलेला पाहून ते कमरेवर हात ठेवून उभे राहिले. ‘बाबाजी, यहाँ पंगत लगी है और आप अलग चूल्हा जला रहे हो?’

‘किसी को तकलीफ नहीं देता मैं. मेरे पास सब है.’

‘अच्छा,’ म्हातारे म्हणाले, ‘सब है तो मैया से क्या लेने आए हो?’

राग आला मला. ओठांवर आलं होतं की माझी बायको गेली आहे, तुम्हाला काय माहीत. ते गिळलं आणि स्टोव्हकडे वळलो. खिचडी करपली, ती तशीच खाल्ली. सकाळी उठून उभा राहायला गेलो तर गुडघ्यानं नकार दिला. पाठीवर सॅक चढेना. तेव्हा नाइलाजानं, भक्तीनं नव्हे, एकेक वस्तू काढून ओसरीवर ठेवली. स्टोव्ह ठेवला, शिधा ठेवला, दोरी, छत्री, एक ब्लँकेट, मशीन. रोजच्या गोळ्या तेवढ्या पुडीत बांधून घेतल्या. मैयाची बाटली, एक ब्लँकेट, कपड्याचा एक जोड, एक वाटी. सॅक इतकी हलकी झाली की पाठीवर आहे की नाही ते कळेना, आणि मला धडकीच भरली. नोकरीच्या पहिल्या दिवशीसुद्धा मी इतका घाबरलो नव्हतो. आता भूक लागली की कुणाच्या तरी दारात उभं राहावं लागणार होतं.

दोन दिवस गुडघा शेकून निघालो. निमाडातला तो मुलूख आपल्या वऱ्हाडासारखाच आहे, काळी माती, वेचणीला आलेला कापूस. ऊन चढलं, भूक लागली. पहिल्या गावात एका दारापुढे थांबलो. ‘नर्मदे हर’ एवढंच म्हणायचं असतं, ‘द्या’ असंसुद्धा म्हणावं लागत नाही. पण ते दोन शब्द घशातून निघता निघेनात. निघाले ते इतके हळू की मलाच ऐकू आले नाहीत. आतून कुणी आलं नाही. मी अंगणातल्या कोंबड्या पाहत थोडा वेळ उभा राहिलो आणि पुढे सटकलो. दुसऱ्या घरी तेच. अरे बापा, स्टोअरमध्ये अख्ख्या ऑफिसला दरडावणारा मी, पण दोन भाकरींसाठी माझं तोंड उघडत नव्हतं! डोळ्यांपुढे अंधारी यायला लागली. गाव संपलं. शेताच्या कडेला एकच घर होतं, मातीच्या भिंतींचं. आता नाही बोललो तर इथंच पडेन, असं वाटून मी जीव खाऊन ओरडलो, ‘नर्मदे हर!’

आतून एक पस्तिशीची बाई धावतच बाहेर आली. पदर सुटलेला, हातात फोन. मला पाहून तिनं दोन्ही हात जोडले. ‘बाबाजी, मैया ने ही भेजा आपको. अम्मा की साँस ठीक नहीं चल रही. इनका फोन लगता नहीं, मैं खेत से बुला के लाती हूँ. आप बस अम्मा के पास बैठ जाओ. अकेली नहीं छोड सकती.’

मी ‘अहो बाई, मी कोण, मला काय येतं’ असं काहीतरी मराठीतच बडबडलो. ते ऐकायला ती थांबलीच नाही. बांधावरून पळत निघून गेली.

आत खाटेवर एक म्हातारी होती. गोधडीखाली अंग आहे की नाही कळू नये इतकी वाळलेली. श्वास मधेच थांबे, मग ओढून घेतल्यासारखा येई. तो आवाज मला माहीत होता. खोटं कशाला बोलू, क्षणभर मनात आलं की निघून जावं. औषधांचा डबा आश्रमात, मशीन आश्रमात. द्यायला, करायला हातात काही नव्हतं. खाटेशेजारी मातीवर बसलो. म्हातारीचा हात गोधडीवर काहीतरी शोधत होता. मी तो हातात घेतला. तिनं डोळे उघडले आणि विचारलं, ‘आ गया?’

मला तिचा मुलगा समजली असेल, की आणखी कोणी, देव जाणे. मी म्हणालो, ‘आलो ना माय. इथंच हाय मी.’ माझी बोली तिला कळली की नाही ठाऊक नाही. तिनं माझी बोटं घट्ट धरली. कोपऱ्यात पाण्याचा गडू होता, त्यातलं चमचाभर पाणी तिच्या ओठांना लावलं. तिनं ते गिळलं. बाहेर कुठेतरी मोटर पंप चालू होता. मी काहीबाही बोलत राहिलो. ऊन फार आहे, सूनबाई येऊनच राहिली, मुलगा येऊनच राहिला. आणि बोलता बोलता ध्यानात आलं की हे सगळं मला दुसऱ्या कुणाला तरी म्हणायचं होतं. अर्ध्या तासात म्हातारीचा एक श्वास गेला आणि पुढचा आला नाही. बोटं माझ्या बोटांतच होती.

तेव्हा मी रडलो. वर्षभराचं सगळं एकदम आलं. ओक्साबोक्शी, हिचं नाव घेऊन घेऊन रडलो. मुलगा आणि सून धापा टाकत दारात आले तेव्हा त्यांना एक अनोळखी माणूस आपल्या आईचा हात धरून रडताना दिसला. मुलानं आईच्या पायांवर डोकं ठेवलं. सून मात्र आधी माझ्याशेजारी बसली आणि मला म्हणाली, ‘अकेली नहीं गई ना, बाबाजी?’

‘नहीं. मैं था.’

तिनं खाली वाकून माझ्या पायांना हात लावला. मला लाज वाटली. जेवायला मिळेल म्हणून मी तिच्या दारात आलो होतो.

त्या घरी चूल पेटणार नव्हती. संध्याकाळी म्हातारीला मैयाच्या काठी निरोप देऊन परत आलो तेव्हा गावातल्या एका बाईनं आपल्या घरी पंगत बसवली. माझ्या ताटात ज्वारीच्या दोन भाकरी आणि भाजी आली. मी दोन्ही हात पुढे केले आणि म्हणालो, ‘और एक देना, माई.’ सकाळपासून अडकलेलं ते एवढंसं वाक्य अगदी सहज निघालं.

दुसऱ्या दिवशी सकाळी नदीच्या काठावर बसून मंदाला फोन लावला. वर्षभरात मी तिला आपणहून केलेला तो पहिला फोन होता. म्हटलं, ‘मंदा, त्या दिवशी तुले घरी पाठवलं. चुकलं माझं. मले माफ कर.’

ती म्हणाली, ‘लय राग हाय भाऊजी मले तुमचा. माही बहीण होती ते. मले बसू नाई दिलं तुमी.’

‘हो.’

‘अजूनबी राग हाय.’

‘असू दे,’ म्हटलं. ‘पण एक सांग. तिनं मले हाक मारली असंन का गं?’

‘नाई मारली,’ मंदा म्हणाली.

‘तुले काय माहीत?’

‘त्या बाजूच्या खाटेवरच्या बुढ्याची बायको होती ना, तेल्हाऱ्याची, तिनं सांगितलं मले. ताईनं पाणी मागितलं, त्या बाईनं पाजलं. इचारलं, मालक बाहीर झोपले हायेत, उठवू का? त ताई म्हने, नका उठवू, तीन रातीचे जागे हायेत ते, झोपू द्या. मंग ते बाई तिचा हात धरून बसली. शेवटलोक बसली, भाऊजी. एकटी नवती माही ताई.’

मी म्हटलं, ‘हे तू मले सांगितलं कावून नाई?’

‘तेरवीले सांगायलेच आली होती. तुमी बोलू देलं का? वरीसभरात कधी इचारलं का कोनाले?’

खरंच नव्हतं विचारलं. वर्षभर मी ज्या प्रश्नानं आतून जळत राहिलो त्याचं उत्तर अकोल्यात मंदाजवळ होतं. नदीकाठी बसून मी हिच्यासाठी पुन्हा रडलो, पण आदल्या दिवसासारखं नाही. झोपू द्या म्हणाली! स्वतःचा जीव जात होता आणि माझी झोप जपत होती. दुःख काही कमी झालं नाही, उलट ती किती मोठी होती हे कळून ते वाढलंच. पण त्या दुःखातली भीती गेली. म्हातारीच्या दारात मीच का पोचलो, पहिल्या दोन घरी माझा आवाज का फुटला नाही, याचा मी खल करत बसत नाही. सूनबाई म्हणाली मैयानं पाठवलं. मी तिला नाही म्हणणारा कोण?

पुढचे महिने त्याच हलक्या सॅकनं चाललो. कधी भाकरी मिळाली, कधी नुसता चहा, दोनदा उपाशीही झोपलो. दुखरे पाय धरून बसलो तर कुणीतरी तेल चोळून दिलं, आणि मी चोळू दिलं. शरण जाणं म्हणजे देवापुढे डोकं टेकणं असं मला वाटायचं. ते त्यामानानं सोपं आहे. माणसापुढे उभं राहून ‘मला गरज आहे, द्या’ म्हणणं फार जड आहे. मैयानं मला तेवढंच शिकवलं आणि त्यासाठी मी जन्मभर तिचा ऋणी आहे. फक्त ते मी हिच्या हयातीत शिकलो असतो तर मंदा त्या दुपारी तिथे असती, ही टोचणी मरेपर्यंत जाणार नाही, आणि जाऊही नये.

परिक्रमा पुरी करून उन्हाळ्यात परतलो. मंदाला म्हटलं, माझ्याबरोबर तेल्हाऱ्याला येतेस का? ती आली. बाईचं आडनाव तेवढं तिला ठाऊक होतं. चौकात विचारलं, दुकानात विचारलं, चार गल्ल्या फिरलो, आणि घर सापडलं. बाईचा नवराही त्याच दवाखान्यात वारला होता. ओसरीत बसून ती तुरीची डाळ निवडत होती. मी तिच्या पाया पडलो आणि सगळं सांगितलं. वॉर्ड सांगितला, खाट सांगितली, हिचं वर्णन केलं. मोबाइलमधला फोटो दाखवला.

बाईनं फोटो डोळ्यांजवळ धरून खूप वेळ पाहिला. मग मान हलवली. ‘नाई ध्यानात येत बापा. दीड मयना होतो मी तिथं. कितीक जन गेले. ज्याचं कोनी जवळ नसे त्याचा हात धरून बसो मी. चेहरे नाई राहत आता ध्यानात.’

मंदा तोंडाला पदर लावून रडायला लागली. माझ्या हिची शेवटची सोबत जिनं केली तिला ती आठवतसुद्धा नव्हती, आणि तरी तिनं हात सोडला नव्हता. बाईनं डाळीचं सूप बाजूला सारलं, आमच्या दोघांच्या तोंडाकडे पाहिलं आणि म्हणाली, ‘उनाचे आले तुमी. जेवले का नाई?’

‘नाही जेवलो, माय,’ मी म्हणालो. ‘भूक लागली आहे. वाढा.’